पायाखालची माती सांभाळा

या पानावर आपण जुन्या साडीची गोधडी केली, तेलाच्या डब्याची कुंडी केली, फाटक्या छत्रीच्या कापडाची पिशवीसुद्धा केली. आजचा विषय ऐकून मात्र तुम्ही म्हणाल, 'बाई, हे काय नवीन काढलंत?' आज आपण घोडे फिरवण्याच्या मैदानाची निगा राखणारी अवजारे घरच्या घरी, भंगारातून करणार आहोत.

हसण्यावारी नेऊ नका. यामागे एका संसाराचा प्रश्न आहे. पनवेल तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्यांच्या यजमानांकडे तीन घोडे आहेत. लग्नसराईत वराती मिळतात. पण मुहूर्त काही रोज नसतात, आणि मधले सगळे दिवस घोडे नुसते खातात. म्हणून दोघांनी आठ गुंठे जागा भाड्याने घेतली, भोवती बांबूचे कुंपण घातले आणि शनिवार-रविवार मुलांना घोड्यावर बसायला शिकवायला सुरुवात केली. आमच्या करंजाड्यातली, कळंबोलीची, नवीन पनवेलची सोसायट्यांतली मुले जाऊ लागली. चार पैसे दिसू लागले, तोच एका घोडीचा पुढचा पाय सुजला. जनावरांच्या डॉक्टरांनी दोन महिने विश्रांती सांगितली आणि वर म्हणाले, "घोडीला औषध मी देतो. जमिनीला कोण देणार?"

भगिनी लिहितात, "ताई, घोडे यजमान बघतात, पण मैदान झाडणं, शेण उचलणं, पाणी मारणं सगळं माझ्याकडे. मैदान विंचरायचं यंत्र आणि ते ओढायला छोटा ट्रॅक्टर, यांची किंमत विचारली. तेवढ्यात आणखी एक घोडा येईल! घरी काही करता येईल का?"

येईल, नक्की येईल. मी स्वतः जाऊन मैदान पाहिले. माझ्या सासूबाईंचे आयुष्य भातशेतीत गेले, त्यांना विचारले. मग आम्ही दोघींनी एकेक वस्तू करून, ओढून पाहिली. तेव्हा खाली दिलेले सारे हाताखालून गेलेले आहे.

आधी जमीन ओळखा

घोड्याचे वजन साडेतीनशे-चारशे किलो. त्यातला जास्त भार, म्हणजे शंभरातले साठ, पुढच्या दोन पायांवर असतो. घोडा भरधाव दौडतो तेव्हा क्षणभर एकाच खुरावर त्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक दाब येतो. जमीन दगडासारखी असेल तर तो दणका हाडांना आणि सांध्यांना बसतो. फार भुसभुशीत असेल तर पाय रुततो आणि उपसताना पायामागच्या शिरा ताणल्या जातात. सगळ्यांत वाईट म्हणजे इथे कडक आणि दोन पावलांवर खोल अशी जमीन. जिना उतरताना एखादी पायरी कमी-जास्त उंचीची निघाली की आपल्याला कसा गचका बसतो? तसेच घोड्याचे होते. फरक इतकाच, की त्याच्या पाठीवर कुणाचे तरी मूल असते.

म्हणून लक्षात ठेवायची गोष्ट एकच. मैदान सगळीकडे सारखे हवे. हा सारखेपणा महागडे यंत्र आणले म्हणून येत नाही, रोज हात फिरला तर येतो. अंगणाचे नाही का? महिन्यातून एकदा धुऊन काढण्यापेक्षा रोजचा सडा बरा.

ही चिंता आजची नाही. ग्रीस देशात सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफॉन नावाच्या सेनानीने घोड्यांवर पुस्तक लिहिले. तबेल्याबाहेरच्या अंगणात चार-पाच गाड्या वाटोळे गोटे पसरा, म्हणजे घोड्याचे खूर टणक होतील, असे त्यात सांगितले आहे. ते झाले उभ्या घोड्यासाठी. आपली मुले घोडा चालवणार, दुडक्या चालीने पळवणार. त्यांना खाली घट्ट बसलेला मुरूम आणि त्यावर दोन ते तीन इंच मोकळी वाळू किंवा बारीक, चाळलेली माती, एवढे पुरते.

मैदान मोजायला विणकामाची सुई घ्या. टोकापासून दोन इंचांवर आणि तीन इंचांवर नखपॉलिशने खूण करा. मैदानात वीस-पंचवीस ठिकाणी सुई टोचा. मोकळी माती संपून कडक लागले की थांबा आणि आकडा चौकटीच्या कागदावर त्या-त्या जागी लिहा. आमच्या भगिनींच्या मैदानात कुंपणालगत जेमतेम अर्धा इंच माती निघाली आणि मधोमध चार इंच! कारण उघड आहे. घोडे कुंपणाच्या कडेने फिरतात, खुरांनी माती आत-बाहेर उडते आणि फिरण्याची वाट उघडी पडते. घोडीचा पाय का सुजला असेल, ते त्या कागदावर शाळकरी पोरालाही दिसले असते.

अवजार पहिले : खिळ्यांची फळी

भातखाचरात चिखलणी झाली की लावणीआधी फळी फिरवतात, ती आठवा. उंचवट्याची माती पुढे ढकलायची आणि खड्ड्यात सोडायची. आपली फळी तिचीच कोरडवाहू बहीण.

साहित्य : पाच फूट लांब, चार इंच रुंद, दोन इंच जाड लाकूड (जुन्या दाराच्या चौकटीचा तुकडा उत्तम), तीन इंची खिळे सुमारे ४०, तेवढ्याच लांबीची एक पातळ पट्टी, दोन मजबूत आकडे, १२ हात जाड दोर, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा.

करंजाड्यासारख्या वाढत्या वस्तीत इमारतींची कामे चालू असतात. स्लॅब उतरल्यावर सेंट्रिंगच्या फळ्या निकामी होतात. मुकादमाला विचारून, पैसे देऊन घ्या. मात्र त्यातले जुने वाकडे खिळे आधी उपटून टाका.

कृती : फळीवर पेन्सिलने दोन रांगा आखा. प्रत्येक रांगेत तीन-तीन इंचांवर खूण करा. पण दुसऱ्या रांगेच्या खुणा पहिल्या रांगेच्या मधोमध येऊ द्या, जसे आपण बटाटेवडे तळणीत मांडतो. खिळे आरपार ठोका, म्हणजे खाली एक इंच टोक निघेल. एक इंचाहून जास्त नको. लांब दात खालचा मुरूम उकरतात आणि मग वाळू व मुरूम एकत्र होऊन मैदानच बिघडते. लाकडाची जाडी वेगळी असेल तर हिशेब सोपा : जाडी अधिक एक इंच, तेवढा खिळा. टोके किंचित मागे झुकतील असे ठोका, म्हणजे ती माती विंचरतील, रुतून बसणार नाहीत. शेवटी खिळ्यांच्या डोक्यांवर पातळ पट्टी ठोकून टाका. ही पट्टी विसरलात तर दहा फेऱ्यांत खिळे वर सरकून बाहेर येतील.

पुढच्या कडेला दोन आकडे बसवा, दोर त्यांतून ओवून तिकोनी ताण करा आणि हाताशी ट्यूब गुंडाळा. दोर लांबच ठेवा. आखूड दोराने फळीची पुढची कड उचलली जाते आणि फळी नुसती माती चाटत जाते.

एक मोह टाळा. एकाच फळीच्या एका अंगाला खिळे आणि दुसरे अंग सपाट वापरू, म्हणजे दोन कामे होतील, असे मनात येते. तसे करू नका. उलटी केली की खिळे आभाळाकडे! सपाट फळी वेगळी करा आणि खिळ्यांची फळी काम संपताच कुंपणाबाहेर, टोके भिंतीकडे करून उभी ठेवा.

अवजार दुसरे : ओढजाळी

फळीने उंचसखल निघते. रोजची खुरांची नक्षी मोडायला त्याहून हलके काही हवे.

साहित्य : कुंपणाच्या तारेच्या जाळीचा पाच फूट बाय चार फूट तुकडा, पाच फुटांचा इंची लोखंडी पाइप, स्कूटरचे दोन जुने टायर, बांधायची तार, दोर.

कृती : जाळीच्या एका कडेच्या भोकांतून पाइप ओवा आणि तारेने जागोजागी आवळा. ही झाली पुढची बाजू. मागच्या कडेवर दोन्ही टायर आडवे ठेवून तारेने बांधा. तेच तिचे वजन. जाळीची सगळी मोकळी टोके पकडीने आत वळवा. तुमच्या साडीलाही अडकायला नकोत आणि घोड्याच्या पायालाही.

ओढायचे कुणी? आम्ही दोघींनी ओढली. मैदान ४० मीटर बाय २० मीटर, म्हणजे तुमचे आठ गुंठे. फळी वा जाळी पाच फुटी, म्हणजे दीड मीटर. थोडी एकावर एक येऊ दिली तर १६ फेऱ्या लागतात. सगळे चालणे ६४० मीटर. वळणे धरून अर्धा तास. सकाळी फिरायला जाणाऱ्या बायका याच्या चौपट चालतात! आज लांबीच्या दिशेने ओढलीत तर उद्या रुंदीच्या दिशेने ओढा. रोज एकाच दिशेने ओढले तर माती एका टोकाला साचते.

मोटारसायकलला बांधून ओढली तरी चालते, मात्र माणसाच्या चालीने. स्वारीच्या घोड्याला मात्र ही कधीही बांधू नका. ज्याला गाडी ओढायची सवय नाही, तो मागे खुळखुळ वाजले की उधळतो, आणि मागे खिळ्यांची फळी! वर्णन करायला नको.

कोपरे, खडे आणि चुका

कुंपणाच्या कडेला जाळी पोचत नाही. तिथे माती साचून बांध तयार होतो. तो आधी दाताळ्याने आत ओढायचा, मग जाळी फिरवायची. दाताळे बाजारात स्वस्त मिळते, ते घरी करण्याचा खटाटोप नको.

खड्यांसाठी गवंडी वाळू चाळतात तशी उभी चाळणी करा. मोडक्या लोखंडी खाटेच्या सांगाड्यावर अर्धा इंची जाळी ताणून बांधा आणि ती तिरकी उभी करा. फावड्याने माती तिच्यावर मारली की बारीक माती आरपार जाते, खडे अलीकडे घरंगळतात. रोज दहा घमेली चाळली तरी महिन्याभरात घोडे फिरतात तेवढी वाट स्वच्छ होते. निघालेले खडे फेकू नका, त्यांचे काम पुढे आहे.

आता सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाचे अवजार. जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक भंगारवाल्याकडे मिळते. तशी तीन-चार एका पट्टीला बांधा आणि जमिनीपासून बोटभर उंच राहतील अशी ओढत न्या. पडलेल्या नालेचा खिळा, बांबूच्या कुंपणाची तार, आपल्याच फळीचा निसटलेला खिळा सगळे चिकटून येते. पहिल्याच दिवशी आम्हाला मूठभर चुका मिळाल्या. खुराच्या तळव्यात खिळा शिरला तर जखम वरून दिसत नाही, आत पू धरतो. आठवड्यातून एकदा चुंबक फिरवायला दहा मिनिटे लागतात.

पाणी किती आणि कुठे

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या जातात. पाहिल्या असतील. पाणी नुकते ओसरलेल्या ओलसर वाळूत गाडी सहज पळते. तीच गाडी वरच्या कोरड्या वाळूत आली की चाके रुततात, घोड्याला दम लागतो. वाळू एकच, फरक पाण्याचा. ओलसर कण एकमेकांना धरून राहतात, कोरडे सुटतात. शिवाय कोरडे झाले की धूळ उडते. ती घोड्याच्या छातीत जाते, मुलांच्या आणि तुमच्याही.

पण पाणी फुकट नाही, हे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पनवेलकरणीला सांगायला नको. म्हणून हिशेब करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. सगळ्या ८०० चौरस मीटरवर तीन मिलिमीटर द्यायचे तर २४०० लिटर हवेत. तेवढे कोण आणणार? घोडे मुख्यतः कुंपणालगतच्या दीड मीटर पट्ट्यातून फिरतात. तो पट्टा भरतो सुमारे १७० चौरस मीटर. त्याला ५१० लिटर पुरतात, म्हणजे दोनशे लिटरची अडीच पिंपे. पट्टाच भिजवा; मधला भाग आठवड्यातून एकदा.

शिंपायला पन्नास लिटरचा प्लास्टिकचा कॅन घ्या. तो दोन चाकी हातगाडीवर आडवा बांधा आणि तोंडाला तोटी बसवा. तोटीला चार फुटी प्लास्टिकचा पाइप आडवा जोडा आणि त्याची दोन्ही टोके टोपणाने बंद करा. पाइपाच्या खालच्या अंगाला दोन-दोन इंचांवर तापवलेल्या दाभणाने भोके पाडा. तोटी सोडून गाडी चालवली की रांगोळीच्या नळीसारखी धार सारखी पडते. एका कॅनमध्ये पट्ट्याचे ११-१२ मीटर होतात. पिंपे मैदानाच्या दोन टोकांना ठेवलीत तर खेपा कमी पडतील. घरी धुण्याचे शेवटचे पाणी, ज्यात साबण फारसा नसतो, तेही इथे चालते.

पाणी संध्याकाळी द्या. रात्रभर मुरते आणि सकाळी जाळी फिरवायला माती योग्य ओलीवर असते. ओल पाहायची खूण लाडवाची : मूठभर माती दाबली की लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टोचला की फुटला पाहिजे. वळलाच नाही तर पाणी कमी, हाताला चिकटला तर जास्त.

शेण आधी, जाळी नंतर

हा क्रम कधी मोडू नका. घाईत शेणावरूनच जाळी फिरवली तर ते वाळूत मिसळते. मग तीच जागा उन्हात धूळ होते, पावसात चिखल होते आणि माश्यांचे माहेर होते. ओल्या शेणामुतात सतत उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या तळव्याला कुजका वास येऊ लागतो, मऊ भाग सडू लागतो.

उचलायला जुन्या जाड बारदानाची घसरगाडी करा. बारदानाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांना दोर बांधायचा, दाताळ्याने शेण त्यावर लोटायचे आणि ओढत न्यायचे. डोक्यावर पाटी नको, कमरेला त्रास नको.

एक घोडा दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकतो. तीन घोड्यांचे महिन्याला दीड टन! ते नुसते कोपऱ्यात टाकू नका. चार फूट उंच ढीग करा, पालापाचोळा मिसळा, अंगाला ओल राहील एवढे पाणी शिंपडा, वरून झाका आणि आठवड्याने उलथा. चांगला ढीग आत हात घालवणार नाही इतका तापतो. त्या उष्णतेने जंतांची अंडी आणि गवताचे बी मरते. तीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते. करंजाड्यातल्या गॅलऱ्यांमध्ये तुळस, मोगरा, कढीपत्ता लावणाऱ्या बायका काही थोड्या नाहीत. पिशव्या भरून ठेवा. अवजारांचा खर्च खतातून निघेल.

आणि मैत्रिणींनो, मुलांना घोड्यावर पाठवणाऱ्या आयांसाठी एक सूचना. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या शेणात आणि त्या मातीत असतात. शाळकरी मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस सरकारी लसीकरणात मिळते. ती टोचली आहे ना, ते कार्डावर बघा. मैदानात खरचटले तर साबणाने खळखळून धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. घोड्यांनाही ही लस असते. ती त्यांच्या डॉक्टरांना विचारून टोचून घ्या.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात

आपल्या रायगडात पाऊस कसा पडतो, ते मी काय सांगणार! मैदान वाहून जाते ते पावसाने नव्हे, साचलेल्या पाण्याने. मैदानाला एका बाजूला अगदी हलका उतार हवा : शंभर फुटांना एक ते दोन फूट. डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून गवंड्याची पाण्याची नळी वापरा. पारदर्शक नळीत पाणी भरायचे आणि एकेक टोक एकेका खुंटीशी धरायचे. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला राहते, त्यावरून कोणती बाजू किती खाली ते मोजता येते. उताराच्या खालच्या कडेला हातभर खोल चर खणा आणि चाळणीतून निघालेले खडे त्यात भरा. पाणी निघून जाईल, माती अडकेल. चरावर साचलेली माती घमेल्याने परत मैदानात टाकायची.

डबकी असताना फळी किंवा जाळी मुळीच फिरवू नका. चिखल कालवला जातो आणि उन्हात विटेसारखा वाळतो. आधी डबक्यापासून चरापर्यंत दाताळ्याने रेघ ओढून पाणी काढा, दोन दिवस थांबा.

पायाखालच्या जमिनीवर पोट किती अवलंबून असते, हे पाहायचे तर माथेरानकडे बघा. माथेरान आपल्याच जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ते उजेडात आणले, १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर गेली, पण मोटारी आजही दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे बरेच जण पायी किंवा घोड्यावर जातात. तिथे ऑलिंपिया रेसकोर्स नावाचे घोड्यांचे जुने मैदानही आहे. वाटा लाल जांभ्या मातीच्या. उन्हाळ्यात त्या धुळीने सगळे तांबडे होते आणि पावसाळ्यात तीच माती ओघळून जाते. २००३ मध्ये हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला.

माती वाहून जाते म्हणून वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवायला घेतले, तर घोडेवाल्यांनी हरकत घेतली, कारण लोखंडी नाल ओल्या, गुळगुळीत ब्लॉकवर घसरते. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षाही प्रायोगिक म्हणून आल्या. हे सारे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य वाटेवर ब्लॉकना मुभा दिली, आतल्या वाटांवर मात्र नको म्हटले. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवणे या पानाचे काम नाही. पण ज्यांचे पोट घोड्याच्या पायावर, ते मातीसाठी एवढे का भांडतात, ते आता तुम्हाला नीट कळेल. मातीची वाट घोड्याला चांगली. मात्र तिला उतार हवा, चर हवा आणि रोजचा हात हवा.

कामाचे वेळापत्रक

रोज सकाळी : शेण उचलणे, कडेची माती आत ओढणे, ओढजाळी.
रोज संध्याकाळी (उन्हाळ्यात) : फिरण्याच्या पट्ट्याला पाणी.
आठवड्यातून एकदा : खिळ्यांची फळी, मग सपाट फळी, शेवटी लोहचुंबक.
महिन्यातून एकदा : विणकामाची सुई आणि चौकटीचा कागद. मागच्या महिन्याच्या कागदाशी ताडून पाहा.
मे महिन्यात : उतार तपासणे, चर उपसणे.

खर्चाचे म्हणाल तर खिळे, दोर, पाइप, तोटी आणि भंगारवाल्याचे पैसे मिळून आमचे दोन हजार रुपयांच्या आत झाले. आमच्या घरी हे ऐकून 'हे' म्हणाले, "मग आपल्या सोसायटीचं मैदानही घ्या की विंचरायला!" थट्टा सोडा, पण मुलांच्या खो-खोच्या आणि लंगडीच्या मातीच्या मैदानालाही ही ओढजाळी आणि लोहचुंबक तितकेच उपयोगी आहेत. शाळेत शिकवते, म्हणून रोज सोललेले गुडघे बघते. खिळ्यांची फळी मात्र मुलांच्या आसपास नको.

एक गोष्ट घरी करायची नाही आणि स्वस्तात घ्यायची नाही, ती म्हणजे मुलाच्या डोक्यावरचे हेल्मेट. ते हनुवटीखाली पट्ट्याने घट्ट बसणारे, त्या मुलाच्या मापाचे आणि चांगल्या प्रतीचेच हवे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे. खोगिराचा तंग, रिकीब आणि लगाम यांची शिवण रोज बघावी. तिथे सुतळीची गाठ मारून वेळ मारून नेऊ नये. माती घरच्या अवजारांनी सांभाळता येते. चामड्याची शिवण उसवली तर मात्र ती जाणत्या मोच्याकडेच द्यावी.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना एवढेच सांगते : घोडीची विश्रांती डॉक्टर सांगतील तितके दिवस पुरी होऊ द्या. घाईने बाहेर काढू नका, मैदान कितीही गुळगुळीत झाले तरी. तोवर दोन घोड्यांवर मुले कमी घ्या; पालकांना खरे कारण सांगितलेत तर ते थांबतात.

तुमच्याकडे घोड्यांच्या, बैलांच्या किंवा खेळाच्या मैदानासाठी काही घरगुती युक्ती असेल तर पोस्टकार्डावर लिहून पाठवा, इथे सगळ्यांना देऊ. पुढच्या खेपेला पावसाआधी खिडक्यांच्या फटी बुजवायचा स्वस्त लांबी-लेप कसा करायचा, ते पाहू.